काउंटरसिंक बिट: स्क्रूचं डोकं नेमकं बुडवायचं तर काय आणि कसं सेट करायचं

तुम्ही विचारलंय की काउंटरसिंक बिटचा सेट आणलाय, १८ एमएम प्लायचं कपाट करताय, पण एका भोकात स्क्रूचं डोकं वर राहतंय तर दुसऱ्यात खोल घुसतंय, आणि सोबत आलेल्या एलन कीने नेमकं काय फिरवायचं, बिट किती बाहेर काढायचा हे पाकिटावर कुठेच लिहिलेलं नाही. फर्निचरच्या कामात हा बिट रोजच हातात असतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. काउंटरसिंक म्हणजे स्क्रूचं डोकं फळीच्या पातळीत बसावं म्हणून भोकाच्या तोंडाशी केलेला तिरका खळगा, आणि तो पाडणाऱ्या या एका बिटमध्ये दोन वेगळी मापं आहेत. एक म्हणजे मधल्या बारीक ड्रिलची लांबी, जी स्क्रूच्या आट्यांसाठी वाट करते. दुसरं म्हणजे वरचा तिरका कटर लाकडात किती उतरतो ते, आणि स्क्रूचं डोकं बसणार की वर राहणार हे फक्त या दुसऱ्यावर ठरतं. बहुतेक लोक काय करतात, डोकं वर राहिलं की एलन कीने ड्रिल आत-बाहेर सरकवत बसतात. त्याने भोक लांब-आखूड होतं, पण कटर तितकाच उतरतो कारण तो तुमच्या हाताच्या दाबावर उतरतोय, त्याला थांबवणारं काही नाहीच. तुमच्याकडे एक वर एक खोल होतंय त्याचं कारण हेच आहे. सेटमध्ये एखादी जाड रिंग आली असेल, तिलाही एक छोटा ग्रब स्क्रू (एलन कीने फिरवायचा बिनडोक्याचा स्क्रू) असेल, तर ती स्टॉप कॉलर, आणि तुम्हाला हवीय ती सेटिंग तिच्याकडून मिळते. आली नसेल तर कटरच्या जाडीची कॉलर वेगळी घ्या. पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटला टूल्सच्या दुकानात कटर सोबत नेऊन रिंग घालून बघून घेतलेलं बरं, ऑनलाइन मागवलं की आतला व्यास अर्ध्या एमएमने हुकतो आणि मग कॉलर तिरकी बसते.

आता ड्रिलची लांबी. कटरच्या अंगावर जो बारीक ग्रब स्क्रू असतो तो सैल केला की ड्रिल मोकळं होतं. तुमचा स्क्रू घ्या, बिटच्या शेजारी आडवा धरा, आणि स्क्रूच्या डोक्याची वरची कड कटरवर अशा ठिकाणी जुळवा जिथे कटरची रुंदी डोक्याइतकीच आहे. आता खाली ड्रिलचं टोक कुठे येतं ते बघा. सागवान, शिसम अशा लाकडात टोक स्क्रूच्या टोकाच्या बरोबरीने ठेवा, कमी ठेवलं तर शेवटी स्क्रू अडकतो आणि पितळी असेल तर मान मोडते. प्लाय, पाइन अशा ठिकाणी टोक दोन-तीन एमएम कमी ठेवलं तरी चालतं, शेवटचे आटे स्वतःच वाट काढतात आणि पकड चांगली येते. एक लक्षात ठेवा, चपट्या डोक्याच्या म्हणजे सीएसके स्क्रूची लांबी डोक्यासकट मोजतात, ५० एमएमचा स्क्रू म्हणजे डोक्याच्या माथ्यापासून टोकापर्यंत ५०, त्यामुळे ड्रिल नुसतं कटरच्या खालून मोजून लावलं की हिशोब चुकतो.

ग्रब स्क्रू कुठे टेकतो तेही बघा. ड्रिलच्या वरच्या गुळगुळीत दांड्यावर टेकला तर उत्तम. साधं ३ एमएमचं ड्रिल ६१ एमएम लांब असतं, त्यातला ३३ एमएम भाग नळ्यांचा, म्हणजे पीळ असलेल्या खाचांचा, बाकी दांडा. आखूड स्क्रूसाठी ड्रिल आत ढकललं की ग्रब नेमका नळीच्या भागावर येतो, तिथे करकचून आवळला तर ड्रिल तिथेच तडकतं कारण हायस्पीड स्टील कडक असलं तरी ठिसूळ असतं. अशा वेळी ड्रिल जरा फिरवून नळीच्या खोलगट भागात ग्रब बसवा आणि बेताने आवळा. त्याहून चांगला उपाय म्हणजे मोडलेली ड्रिलं टाकून देऊ नका, ग्राइंडरवर टोक परत लावून घेतलं की त्याच ड्रिलची नळी आखूड होते आणि ते आखूड स्क्रूच्या सेटिंगला अगदी योग्य होतं, माझ्या डब्यात अशी तुटकी ड्रिलं खास यासाठी ठेवलेली आहेत. आणि आवळायच्या आधी ड्रिलची नळी कटरच्या खाचेसमोर येईल असं फिरवून घ्या. भुसा नळीतून वर येतो, त्याला पुढे कटरच्या खाचेतून बाहेर पडायला वाट पाहिजे, ती नाही मिळाली की भुसा आत दाबला जातो, ड्रिल तापतं, आणि एमडीएफमध्ये तर धूरच निघतो.

आता मूळ मुद्दा, कटर किती उतरवायचा. इथे लोक खोली मोजायला जातात आणि फसतात, कारण ही खोली दीड-दोन एमएमचीच असते, ती डोळ्याला कळत नाही. खोली मोजू नका, तोंडाची रुंदी बघा. ९० अंशाच्या कटरचं गणित सरळ आहे, तो १ एमएम उतरला की तोंड २ एमएमने रुंदावतं. ८ नंबरचा स्क्रू घ्या, त्याचा दांडा साधारण ४.२ एमएम आणि डोकं साधारण ८.३ एमएम. म्हणजे दांड्यापासून डोक्यापर्यंत रुंदावायला कटरला फक्त २ एमएमचं अंतर मिळतं. हात अर्धा एमएम जास्त दाबला गेला तर तोंड एक एमएमने मोठं होतं, डोकं अर्धा एमएम खाली जातं आणि भोवती रिंगण दिसतं. हाताच्या अंदाजाने सलग चाळीस भोकं सारखी येणार नाहीत, कितीही सवय असली तरी.

म्हणून कॉलर लावताना मी असं करतो. त्याच प्लायचा तुकडा घेतो, तोच म्हणजे तोच, कारण प्लायमध्ये घातलेलं सेटिंग पाइनला जरा वेगळं पडतं. कॉलर अंदाजाने लावून एक भोक मारतो आणि स्क्रू उलटा करून त्याचं डोकं त्या खळग्याच्या तोंडावर टेकवतो. डोक्याची कड आणि तोंडाची कड जुळली पाहिजे. तोंड लहान असेल तर डोक्याची कड बाहेर लोंबते, मोठं असेल तर डोकं आत डुलतं, एका बोटाने हलवलं की लगेच कळतं. मग कॉलर केसभर सरकवायची, परत तुकड्यावर मारायचं. दोन-तीन वेळेला जमतं. व्हर्नियर (बारीक माप घेणारं कॅलिपर) असेल तर तोंड सरळ मोजून घ्या. ६ नंबरला डोकं ७ एमएमच्या आसपास, १० नंबरला साडेनऊच्या पुढे. पण दुकानातल्या प्रत्येक पाकिटाची डोकी सारखी नसतात, नवीन पाकीट फोडलं की एक स्क्रू उलटा टेकवून बघाच.

मग नेमकं किती बुडवायचं ते काम बघून ठरतं. पितळी स्क्रू उघडा दिसणार असेल तर बरोबर पातळीला, ना वर ना खाली, नख फिरवलं तर अडकता कामा नये. वरून लांबी म्हणजे पुट्टी भरून रंग द्यायचा असेल तर अर्धा ते एक एमएम खाली, कारण त्याहून कमी ठेवलं तर पॉलिश पेपर मारताना डोकं उघडं पडतं. वर सनमाइका चिकटवायचा असेल तर डोकं नक्की खाली हवं, वर राहिलेला एक स्क्रू सनमाइक्याखाली टेंगूळ होऊन दिसतो आणि तिथून सनमाइका सुटायला लागतो. सहा एमएमच्या मागच्या प्लायला मात्र जपून, ६ नंबरचा स्क्रू लावला तरी खळगा पावणेदोन एमएम लागतो, उरतात जेमतेम सव्वाचार, त्यात आणखी खोल गेलात तर डोकं आरपार जायला फार ओढ लागत नाही.

कॉलरची एक अडचण आहे ती म्हणजे ती बिटसोबत फिरते, त्यामुळे फिनिश केलेल्या पृष्ठभागावर टेकली की गोल काळा चट्टा उमटतो, सागवानावर तर जळकी रिंग पडते. यावर तीन उपाय. बेअरिंगवाली कॉलर मिळते, लाकडाला टेकली की ती थांबते आणि आतला बिट फिरत राहतो, थोडी महाग आहे पण रोजचं काम असेल तर घ्याच. नाहीतर भोकाच्या जागी मास्किंग टेप लावा. तिसरं म्हणजे कॉलर टेकल्याचा आवाज आला की त्याच क्षणी हात उचला, कॉलर टेकलीय म्हणून आणखी दाबत बसायचं नाही. ड्रिलला टेप गुंडाळून खूण करायची पद्धत साध्या भोकाला ठीक आहे, काउंटरसिंकला अजिबात वापरू नका, टेपची कडच एमएमभर इकडे-तिकडे दिसते आणि इथे आपलं अख्खं काम दोन एमएमचं आहे. बेंच ड्रिल असेल तर त्याच्या बाजूच्या रॉडवरचे डेप्थ स्टॉपचे नट आवळून घ्या, त्यासारखं दुसरं काही नाही, शंभर भोकं मारलीत तरी पहिलं आणि शेवटचं सारखं येतं. विमानाच्या पत्र्यावर रिव्हेटची डोकी बुडवायला मायक्रोस्टॉप म्हणून पिंजऱ्यासारखं टूल असतं, त्याची एक टिक म्हणजे एक इंचाचा हजारावा भाग, साधारण ०.०२५ एमएम. आपल्याला इतकं नको, पण तत्त्व तेच, हाताने फक्त दाबायचं, थांबवण्याचं काम स्टॉपने करायचं.

अंशाचं काय ते बघू. आपल्याकडे मेट्रिक स्क्रूंचं डोकं ९० अंशाचं असतं. अमेरिकेत ८२ अंश चालतात, आणि ऑनलाइन येणारे कितीतरी सेट त्याच बाजारासाठी बनलेले असतात, त्यामुळे तुमच्याकडचा कटर ८२ चा असू शकतो. पाकिटावर नसेल लिहिलं तर गुण्या (सुताराचा काटकोन) घ्या, त्याच्या आतल्या कोपऱ्यात कटरचं टोक ठेवून उजेडाकडे धरा. दोन्ही धारा गुण्याला पूर्ण चिकटल्या तर ९०. टोकाकडे चिकटून वर फट दिसली तर ८२. (मधलं ड्रिल काढून घ्या आधी, नाहीतर ते कोपऱ्यात अडतं.) ८२ च्या खळग्यात ९० चं डोकं फक्त वरच्या कडेवर टेकतं, खाली पोकळ राहतं. प्लाय-पाइनमध्ये लाकूड दबतं आणि भागून जातं, त्यासाठी नवीन सेट घेऊ नका. शिसम किंवा ॲल्युमिनियम असेल तर मात्र फरक पडतो, कडेवर टेकलेला स्क्रू काही दिवसांनी सैल होतो.

स्क्रू कुठला वापरताय हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण प्लायच्या कपाटाला आजकाल सर्रास काळे जिप्समचे स्क्रू मारतात, म्हणून सांगतो. त्याच्या डोक्याखाली सरळ उतार नसतो, कर्ण्यासारखी वळलेली गोलाई असते, ती जिप्सम बोर्डाचा कागद न फाडता बसावी म्हणून केलेली. काउंटरसिंकच्या सरळ खळग्यात ती नीट टेकत नाही. शिवाय ते कडक आणि ठिसूळ असतात, कपाटाला धक्का बसला की मान तुटते. कपाटासाठी चिपबोर्ड स्क्रू नाहीतर साधे सीएसके लाकडी स्क्रू घ्या. चिपबोर्ड स्क्रूच्या डोक्याखाली बारीक दाते असतात, ते प्लायमध्ये स्वतःच जागा करतात, पण सनमाइक्यावर त्यांच्या भरवशावर राहिलात तर टवका उडणार.

सनमाइका लावलेल्या फळीत काउंटरसिंक मारायचा असेल तर आधी बिट उलटा फिरवा. ड्रिल रिव्हर्सला टाकून कटर हलकेच टेकवला की वर एक गोल रेघ उमटते, वरचा थर तिथे खरवडला जातो, मग सरळ फिरवून पूर्ण उतरवा. कटर फिरायला लागल्यावरच टेकवायचा, टेकवून मग ट्रिगर दाबला की पहिल्याच झटक्याला टवका जातो.

तुमच्या कामात अजून एक गोष्ट नक्की त्रास देणार आहे. काउंटरसिंकवालं ड्रिल दोन्ही फळ्यांतून एकाच मापाचं भोक पाडतं, त्यामुळे पूर्ण आटे असलेला स्क्रू वरच्या फळीतही धरतो आणि खालच्याही. आवळताना दोन फळ्यांमध्ये फट असेल तर ती फट तशीच राहते, स्क्रू कितीही आवळा, डोकं मात्र आत-आत जातं, आणि माणसाला वाटतं काउंटरसिंक खोल झालं. खरं म्हणजे वरची फळी खालच्यावर ओढलीच जात नाहीये. तेव्हा क्लॅम्पने फळ्या आधी घट्ट आवळा, किंवा वरच्या फळीतलं भोक ८ नंबरसाठी साडेचार एमएमचं करून घ्या म्हणजे स्क्रू त्यात मोकळा फिरेल आणि डोक्याने फळी खाली दाबेल. अर्धे आटे असलेले स्क्रू मिळाले तर हे आपोआप होतं. खालच्या फळीत, म्हणजे तुमच्याकडे प्लायच्या काठात, ८ नंबरला ३ एमएमचं भोक ठेवा, काठात भोक न पाडता स्क्रू घातलात तर प्लायचे थर उकलतात. मऊ लाकडात अडीच-पावणेतीन चालतं, सागवानात ३ किंवा ३.२. एमडीएफ असेल तर जिथे दोन तुकडे एकमेकांना भिडतात त्या बाजूलाही भोकाच्या तोंडावर कटर हलका फिरवा, कारण स्क्रू घुसताना तोंडाशी एमडीएफ फुगून वर येतं आणि तेवढ्यानेच सांधा उघडा राहतो. ही गोष्ट फार कमी लोक करतात आणि फरक अगदी डोळ्याला दिसतो.

खोल भोक असेल तर एका दमात खाली जाऊ नका, मध्ये एकदा बाहेर काढून भुसा सोडवा आणि मग शेवटी कटर उतरवा. आणि स्क्रू बसवताना ड्रिल मशीनचा क्लच, म्हणजे पुढची आकड्यांची रिंग, लावा; ठरलेला जोर आला की तो स्क्रू फिरवणं थांबवतो. क्लच कमीवर ठेवून सुरू करा, स्क्रू अर्धवट थांबला तर एकेक आकडा वाढवत जा, डोकं बरोबर पातळीला थांबलं की तो आकडा तिथेच ठेवा. रिंग आकड्याऐवजी ड्रिलच्या चित्राच्या खुणेवर ठेवून स्क्रू मारलात तर एवढ्या मेहनतीने सेट केलेला खळगा डोकं चिरडून खाली नेतं.

खळग्याच्या भिंतीवर लाटा येत असतील, तोंड गोल न दिसता अनेक कोनांचं दिसत असेल तर तो कटर थरथरतोय. पाच धारांचे कटर लाकडात वेगाने फिरवले की असं हमखास होतं. वेग कमी करा, दाब एकसारखा ठेवा. पाचऐवजी एका धारेचा, किंवा ज्यात तिरकं भोक पाडून त्याच भोकाची कड धार म्हणून वापरतात तो कटर घेतलात तर खळगा काचेसारखा गुळगुळीत येतो. फक्त त्यात मधलं ड्रिल नसतं, भोक आधी पाडून घ्यावं लागतं.

धातूत मारणार असाल तर थोडक्यात: वेग अगदी कमी, पहिल्या गिअरला, दोन थेंब तेल, आणि पत्र्याची जाडी आधी बघा. एम५ च्या सीएसके एलन स्क्रूचं डोकं १० एमएम, भोक साडेपाच, म्हणजे खळगा सव्वादोन एमएम लागतो. पत्रा २ एमएमचा असेल तर कटर आरपार जाऊन भोकच मोठं करणार, काठ सुरीसारखा पातळ होणार. खळगा जाडीच्या दोन तृतीयांशापेक्षा जास्त नको, तेवढी जाडी नसेल तर लहान स्क्रू घ्या किंवा गोल डोक्याचा लावा.

शेवटचं, दर्शनी भागात स्क्रू दिसायलाच नको असेल तर कटर मुद्दाम खोल उतरवायचा, साडेनऊ एमएमच्या कटरने सरळ सहा-सात एमएम खाली, आणि वर त्याच लाकडाचा बूच बसवायचा. कॉलर यासाठी वेगळी सेट करायची. १८ एमएममध्ये सात गेले की स्क्रूच्या डोक्याखाली अकराच उरतात, मग ५० ऐवजी ४० एमएमचा स्क्रू पुरतो, ड्रिलची लांबीही तशी कमी करा. बूच प्लग कटरने (लाकडातून गोल बूच कापणारा बिट) त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यातून काढा, रेषा फळीच्या रेषेला जुळवून गोंद लावून हलकेच ठोका. गोंद पूर्ण वाळल्यावर पटाशीने छाटताना पहिला काप मुद्दाम थोडा वर घ्या, त्या कापात लाकूड कुठल्या बाजूला खाली फाटत जातंय ते दिसतं, मग पटाशी उलट्या बाजूने लावून पातळ पातळ काप घेत पृष्ठभागापर्यंत या.